तिखट पुऱ्यांचा डबा परत घरीच

दरवेळी हेच. चिखलदऱ्याला निघायचं म्हणून मी पहाटे चारला उठून ४० तिखट पुऱ्या तळते, सांबार (म्हणजे कोथिंबीर) अन् लसणाची चटणी वेगळ्या डबीत, कच्च्या चिवड्यासाठी कांदाही चिरून घेते. आणि नागपूर सोडून जेमतेम ५० किलोमीटर, कोंढाळी आली की मागच्या सीटवरून सुरू: "आई, भूक लागली, ढाबा!" अरे बाप्पा, मग डबा काय शोभेला आणला? आमचे हेही त्यांच्यातलेच, "वर्षातून एकदा तर निघतो आपण." चौघांचे ९०० रुपये! त्यातली शेवभाजी अर्धी टाकली. २० रुपयांची पाण्याची बाटली ३०ला घेतली, अन् घरून भरलेली कॅन डिक्कीत तशीच. परतल्यावर त्या वातड पुऱ्या दोन दिवस चहासोबत कोण खातं? मीच.