विंगरला चेंडू गमावू द्या

आज सकाळी भुसावळच्या एका मैदानावर 13 वर्षांखालच्या पोरांची फुटबॉल मॅच होती. डाव्या विंगला एक बारका पोरगा. पहिल्या 20 मिनिटांत त्याने तीनदा समोरच्या बॅकला, म्हणजे बचाव करणाऱ्या पोराला, अंगावर घेतलं आणि तिन्ही वेळा चेंडू गेला. तिसऱ्यांदा गेला तेव्हा लाइनीवरून कोणीतरी ओरडलं, "काय करी राहिना रे भो, पास दे ना!" सगळे हसले. लगेच सरांनी त्याला बाहेर काढलं. मॅच संपेपर्यंत पोरगं गुडघ्यात डोकं घालून बसलं होतं. दुपार झाली, राग अजून उतरला नाही, म्हणून लिहितोय.

मित्रांनो, विंगरचं काम काय असतं? टचलाइनीला, म्हणजे मैदानाच्या लांब कडेच्या रेघेला, चिकटून उभं राहायचं, चेंडू घ्यायचा आणि समोरच्या माणसाला एकट्याने हरवायचं. हे काम बहुतेक वेळा फसतंच. दहातून तीन-चार वेळा जमलं तरी पुरे, कारण त्या तीन-चार वेळा समोरची अख्खी बचावफळी जागा सोडते आणि गोल मारणाऱ्या आपल्या स्ट्रायकरला रान मोकळं होतं. चेंडू कधीच न गमावणारा विंगर म्हणजे मागे पास देणारा विंगर. त्याला लाइनीवर उभं करण्यापेक्षा मधे एक माणूस वाढवा.

आर्येन रॉबेन आठवा, नेदरलँड्सचा आणि जर्मनीच्या बायर्न म्युनिक क्लबचा विंगर. 2010 च्या विश्वचषक फायनलमध्ये तो एकटा स्पेनचा गोलकीपर कासियासच्या समोर आला आणि कासियासच्या पायाला लागून चेंडू बाहेर गेला. 2012 ची चॅम्पियन्स लीग फायनल बायर्नच्या स्वतःच्या मैदानावर होती. जादा वेळेत त्याची पेनल्टी चेल्सीचा गोलकीपर चेकने अडवली. थोड्याच दिवसांत बायर्नची नेदरलँड्सशी मैत्रीपूर्ण लढत झाली, तिथे स्वतःच्याच क्लबच्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. पुढच्या वर्षी, 2013 ला वेम्ब्लीवर डॉर्टमुंडविरुद्ध 89 व्या मिनिटाला गोल करून कप कोणी आणला? त्यानेच. 2012 नंतर त्याला कायमचं बाकावर बसवलं असतं तर?

आपल्या पोराला 20 मिनिटंच मिळाली.

आणि त्याच्या तीन चुका एकसारख्या नव्हत्या, हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. पहिल्या वेळी त्याने चेंडू आपल्या गोलकडे तोंड करून घेतला. अंग बंद, बॅक पाठीवर, मग वळायला जागाच उरत नाही. चेंडू यायच्या आधी एकदा खांद्यावरून मागे बघायचं, अंग मैदानाकडे अर्धं उघडं ठेवायचं आणि लांबच्या पायाने चेंडू घ्यायचा. म्हणजे पहिल्या टचलाच तोंड समोरच्या गोलकडे होतं. दुसऱ्या वेळी तो 15 मीटरवरून एकाच वेगात सुसाट आला. बॅकला एवढंच हवं असतं, तोही त्याच वेगात मागे सरकत राहतो. बॅक दोन-अडीच मीटरवर आला की विंगरने वेग तोडायचा, जवळजवळ थांबायचं. मग बॅकही थांबतो, त्याचं वजन एका पायावर जातं. ज्या पायावर वजन आहे त्याच बाजूने चेंडू काढायचा, कारण तो पाय त्याला लगेच उचलता येत नाही. विंगरचा वेग म्हणजे हा फरक: हळूवरून एकदम जोरात.

तिसरी वेळ मात्र ऐका. तिसऱ्या वेळी पोराने हे सगळं बरोबर केलं. कोणी न शिकवता! वेग तोडला, बॅकचं वजन बाहेरच्या, लाइनीकडच्या पायावर गेलं आणि पोरगं बाहेरच्या बाजूने निघालं. बॅक हरला होता! चेंडू फक्त पुढे लांब गेला आणि गोललाइनीच्या बाहेर पडला. आणि नेमके तेव्हाच सगळे हसले.

लांब का गेला? गवतावर चार मीटर पुढे टाकलेला चेंडू थांबतो, आपल्या मुरमावर तो थांबत नाही. इथे दोन मीटरच पुढे टाकायचा आणि लगेच बॅकच्या वाटेत आपलं अंग आडवं घालायचं, म्हणजे तो मागून आला तर फाऊल होतो. त्यात चेंडू होता 5 नंबरचा. 13 खालच्या पोरांना 4 नंबरचा चेंडू द्यायचा असतो. मोठ्या चेंडूने त्यांचा क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर टाकलेला चेंडू, पेनल्टी बॉक्सपर्यंत पोचत नाही, मग पोरं जोर लावायला मागे रेलतात आणि चेंडू आभाळात जातो. वर चेंडू टणक फुगवलेला. पंपाला हवेचा दाब दाखवणारा काटा असेल तर कडक जमिनीवर साडेआठ-नऊ पीएसआयवर थांबा, उसळी कमी होते. आणि त्या डाव्या लाइनीवर मोटारसायकली लावलेल्या होत्या! अगदी चुन्याच्या रेघेला चाकं टेकवून. विंगरला लागते ती जागा म्हणजे रेघेजवळचे शेवटचे दोन मीटर, आणि तिथेच हँडल आणि फुटरेस्ट. पोरगं बाहेरून जायला कचरणार नाही तर काय?

मान्य, आपल्या हाफमध्ये असं खेळणं चूक आहे. तिथे चेंडू गेला की मागचा बॅक उघडा पडतो. पण तिन्ही वेळा पोरगं समोरच्यांच्या हाफमध्ये होतं.

गोललाइनीपर्यंत पोचलेल्या विंगरला काय शिकवायचं तेही सांगतो. शेवटच्या टचच्या आधी एकदा मान वर. सगळे आत धावत असतील तर डोळे झाकून उंच क्रॉस नको. जमिनीलगत मागे, 11 मीटरच्या पेनल्टी ठिपक्याकडे. बचाव करणारे सगळे आपल्या गोलकडे तोंड करून पळत असतात, मागून येणारा माणूस त्यांना दिसतच नाही. शिवाय तो चेंडूच्या मागे असतो, म्हणून ऑफसाइडची भीती नाही.

भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात हे लिहावं लागतंय याचं जास्त वाईट वाटतं. पी. के. बॅनर्जी, भारताचा उजवा विंगर, रेल्वेचाच माणूस. मोहन बागान नाही, ईस्ट बंगाल नाही, ईस्टर्न रेल्वेकडून खेळला आणि 1958 ला त्या संघाने कलकत्ता लीग जिंकली. त्यानंतर तिथल्या तीन बड्या क्लबांबाहेरचा संघ जिंकायला 2019 उजाडलं. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये पी. के. कप्तान होता, फ्रान्सशी 1-1 झाली त्यातला गोल त्याचा. 1962 ला जकार्तात एशियाडच्या फायनलमध्ये दक्षिण कोरियाला 2-1 हरवलं, त्यातला एक गोल पुन्हा त्याचाच. आजही मिझोरमचा छांगते डाव्या पायाचा असून उजव्या विंगवरून आत येतो आणि 2022-23 चा देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरतो. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 ला सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात खेळला. आपल्या खानदेशातली पोरं काय कमी चपळ आहेत?

विंगरची उमेदीची वर्षं आधीच तोकडी असतात हो. विशीत वेगावर निभतं. दोन सीझनमध्ये बॅक ओळखायला लागतात, मग दुसरी चाल लागते. नंतर हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, दगा देतो. पळताना पाय पुढे फेकला जातो आणि तो स्नायू ताणला जात असतानाच पायाला ब्रेक लावतो, तिथेच फाटतो. सोळा-सतराच्या पोरांना गुडघ्यावर बसवा, जोडीदाराने घोटे धरायचे आणि पोराने अंग सरळ ठेवून सावकाश पुढे झुकायचं. पहिल्या आठवड्यात एकदाच, 5-5 चे दोन सेट, मग हळूहळू वाढवा. वेल्सचा विंगर रायन गिग्ज योगासनं करून, पुढे मिडफिल्डमध्ये सरकून मॅंचेस्टर युनायटेडकडून 963 सामने खेळला. तरी वेल्सकडून विश्वचषक त्याच्या वाट्याला आला नाही. क्लब जोडीला माणसं विकत आणतो, देशाच्या संघात जे आहेत त्यांच्यासोबतच खेळावं लागतं.

सरांवर माझा राग तसा नाही. उन्हातान्हात, पदरचे पैसे घालून पोरं मैदानावर आणतात. फक्त उद्या दुसरी मॅच आहे, तेव्हा एवढं करा: गाड्या लाइनीपासून तीन मीटर मागे लावा, 4 नंबरचा चेंडू काढा आणि त्या पोराला पूर्ण 60 मिनिटं डावीकडे ठेवा. आणि तिसऱ्या वेळी त्याने बॅकला हरवलं होतं, हे त्याला कोणीतरी आज संध्याकाळीच सांगा. तो अजून तसाच बसला असेल.