जे.जे.च्या दारात अफूचंही नाव हवं

ब्रिस्टलमध्ये आमच्या घरापासून बंदराकडे चालत निघालं की वाटेत एक रिकामा चौथरा लागतो. एडवर्ड कोल्स्टन या व्यापाऱ्याचा पुतळा १८९५ पासून त्यावर उभा होता. शाळा आणि वृद्धाश्रमांना त्याने अमाप पैसा दिला, म्हणून पाटीवर त्याला शहराचा अत्यंत सद्गुणी आणि शहाणा सुपुत्र म्हटलं होतं. तो ज्या रॉयल आफ्रिकन कंपनीचा कारभारी होता, तिने त्याच्या काळात सुमारे ८४,००० माणसं गुलाम म्हणून अटलांटिकपार नेली. त्यांतली सुमारे १९,००० वाटेतच मेली. पाटीवर यातलं काहीच नव्हतं.

गिरगावात राहणारा माझा थोरला भाऊ फोनवर स्टेशनांच्या नावांबद्दल तावातावाने बोलतो. जुलै २०२४ मध्ये विधिमंडळाने मुंबईतली काही ब्रिटिशकालीन नावं बदलायचा ठराव केला, त्यात चर्नी रोडचं ‘गिरगाव’ होणार आहे. दादाला आनंद आहे, मलाही गिरगाव हे नाव प्रिय आहे. पण ‘चर्नी’त गुरांचं चरणं आहे. सरकारने चराईवर कर बसवला तेव्हा पारशी व्यापारी जमशेटजी जीजीभॉय यांनी समुद्रालगतची जमीन विकत घेऊन गुरांसाठी मोकळी सोडली, असं आमच्याकडे सांगतात. नाव गेलं तर ही गोष्टही जाईल. मला मात्र त्याहून जास्त बोचते ती जमशेटजींबद्दल आपण सांगतच नाही ती गोष्ट.

आई मला घेऊन जे.जे.तूनच घरी आली. ते हॉस्पिटल उभं राहावं म्हणून जमशेटजींनी लाखभर रुपये दिले होते. माहीमचा कॉजवे त्यांच्या पत्नी आवाबाईंच्या पैशातून झाला, आणि त्यावर टोल घ्यायचा नाही ही अट त्यांचीच. सोळाव्या वर्षी पोरका झालेला हा मुलगा चीनच्या सफरींवर गेला. १८०५ मध्ये फ्रेंचांनी त्यांचं जहाज पकडलं, त्याच जहाजावर विल्यम जार्डिन डॉक्टर म्हणून होता. पुढे त्याच जार्डिनच्या कंपनीशी त्यांचा व्यापार वाढला. १८१४ मध्ये ‘गुड सक्सेस’ हे स्वतःचं जहाज आलं, मग आणखी सहा. त्यांच्या पेढीत मोतीचंद अमीचंद हे जैन, महंमद अली रोगे हे कोकणी मुसलमान आणि रोजेरिओ द फारिया हे गोव्याचे ख्रिस्ती भागीदार होते. अशी मुंबई मला फार आवडते.

आणि जहाजांत भरलेलं असे काय? थोडा कापूस, आणि मुख्यतः माळव्याची अफू.

१८३९ मध्ये लिन झेशू या चिनी अधिकाऱ्याने २०,००० हून जास्त पेट्या अफू नष्ट केली आणि ब्रिटनशी युद्ध पेटलं. १८४२ मध्ये नानकिंगचा तह होऊन चीनने हाँगकाँग गमावलं. त्याच वर्षी जमशेटजी ‘सर’ झाले, हा किताब मिळालेले पहिले भारतीय.

कोल्स्टन आणि जमशेटजी सारखे नव्हेत. माणसं विकणं आणि अफू विकणं यांना मी एका तागडीत तोलणार नाही. शिवाय अफूचा सर्वांत मोठा धनी कंपनी सरकारच होतं, आणि हा धंदा एकट्या पारशांचा नव्हता. तरी चीनमधल्या ज्या घरांत ही अफू पोचली, त्यांचा उल्लेख आपल्या कृतज्ञतेत कुठेच नाही. मी स्वतःही शाळेत तो कधी ऐकला नाही. म्हणून मला वाटतं, जे.जे.चं नाव तसंच राहावं. फक्त दारात, दानाच्या शेजारी, पैसा कुठून आला तेही मराठीत लिहावं.

दादा म्हणाला, “असं लिहिलंस तर उद्या लोक नाव पुसायला येतील.”

इथे उलट झालं. २०१८ मध्ये कोल्स्टनच्या चौथऱ्यावर खरं सांगणारी दुसरी पाटी लावायचं ठरलं. शब्दांवरून महिनोन्‌महिने वाद झाला, कुणी एक आकडा कमी करा म्हणे, कुणी एक विशेषण. २०१९ मध्ये ती पाटी थांबवली. ७ जून २०२० ला जमावाने पुतळा दोर लावून पाडला आणि बंदराच्या पाण्यात ढकलला.

आता तो म्युझियममध्ये आडवा ठेवला आहे, अंगावर निदर्शकांनी फासलेला रंग तसाच. शेजारी सगळं लिहिलंय.