मनाविरुद्धचा उमेदवार

महाराष्ट्रात निवडणूक जवळ आली की तिकीटवाटपावरची नाराजी नातेवाइकांच्या आणि मित्रमैत्रिणींच्या फोनवरून न्यू जर्सीपर्यंत येऊन पोचते. वर्षानुवर्षे पक्षाच्या सतरंज्या उचलणाऱ्याला डावलले, कालपरवा पक्षात आलेल्याला एबी फॉर्म मिळाला, जिल्ह्याने सुचवलेले नाव मुंबईत टिकले पण दिल्लीत कापले गेले, अशा त्या तक्रारी असतात. पाठोपाठ बहुतेक वेळा असेही म्हटले जाते की तुमच्याकडे बरे, तिथे उमेदवार लोकच निवडतात. हे खरे आहे, पण अर्धेच. मी येथे रिपब्लिकन पक्षाची नोंदणीकृत मतदार आहे. सरकारने आपल्या खर्चाला आवर घालावा, कुटुंब आणि धर्मसंस्था यांच्या कारभारात कमीत कमी हात घालावा, न्यायाधीशांनी कायदा लावावा, नव्याने घडवू नये, या मतांमुळे मी या पक्षात आले. याच मतांच्या परंपरावादी मंडळींमध्ये अध्यक्षपदाच्या उमेदवाराविषयी जी जुनी आणि खोल नाराजी मी पाहते आहे, ती तिकीट न मिळालेल्या आपल्याकडच्या निष्ठावंताच्या नाराजीपेक्षा कमी तीव्र नाही. त्या नाराजीचा रोख मात्र अनेकदा चुकीच्या ठिकाणी असतो, असे माझे मत झाले आहे.

या असंतोषाला मोठा इतिहास आहे. १९५२ साली ओहायोचे सिनेटर रॉबर्ट टाफ्ट हे परंपरावाद्यांचे नेते होते, पण उमेदवारी जनरल आयझेनहॉवर यांना मिळाली. १९६४ मध्ये बॅरी गोल्डवॉटर यांच्या रूपाने त्यांना मनासारखा उमेदवार मिळाला, तेव्हा तो फक्त सहा राज्ये जिंकू शकला. उमेदवारावर शिक्कामोर्तब पक्षाच्या अधिवेशनात राज्याराज्यांतून आलेले प्रतिनिधी करतात; १९७६ च्या कॅन्सस सिटीच्या अधिवेशनात रोनाल्ड रेगन यांना विद्यमान अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्याविरुद्ध १,०७० प्रतिनिधींची मते मिळाली, फोर्ड यांना १,१८७. चार वर्षांनी मात्र तेच रेगन ४४ राज्ये जिंकून अध्यक्ष झाले. गोल्डवॉटर यांचा पराभव पक्षातले मध्यममार्गी लोक विसरू देत नाहीत आणि रेगन यांचा विजय परंपरावादी विसरत नाहीत. पुढचे सगळे वाद या दोन स्मृतींच्या आधाराने चालत आले आहेत.

२००८ चे उदाहरण घेऊ. त्या वर्षीचे पक्षाचे उमेदवार जॉन मॅकेन यांच्या देशनिष्ठेविषयी कोणालाही शंका नव्हती; व्हिएतनाममध्ये त्यांनी साडेपाच वर्षे कैद भोगली होती. परंतु २००१ आणि २००३ च्या करकपातींच्या विरोधात त्यांनी मत दिले होते, निवडणूक निधीवर निर्बंध घालणारा २००२ चा कायदा त्यांच्या नावाने ओळखला जात होता, आणि स्थलांतराच्या प्रश्नावर ते डेमोक्रॅटिक पक्षाचे सिनेटर टेड केनेडी यांच्याबरोबर विधेयक आणत होते. फेब्रुवारी २००८ मध्ये परंपरावाद्यांच्या वार्षिक संमेलनात त्यांचे प्रतिस्पर्धी मिट रोमनी यांनी व्यासपीठावरूनच माघार जाहीर केली, आणि त्याच दिवशी भाषणाला उभ्या राहिलेल्या मॅकेन यांनी स्थलांतराचा विषय काढताच सभागृहातल्या काहींनी त्यांची हुर्यो केली. ज्या सभागृहाने त्यांना नाकारले, त्याच सभागृहातल्या माणसांनी काही महिन्यांनी त्यांच्यासाठी घरोघरी फिरायचे होते.

२०१२ मध्ये प्रकरण अधिक अवघड झाले. ओबामा यांच्या आरोग्यविमा कायद्याला विरोध हा पक्षाचा त्या वर्षीचा मुख्य मुद्दा होता, आणि विमा सक्तीचा करणारा तसाच कायदा मॅसॅच्युसेट्समध्ये २००६ साली तेव्हाचे तिथले गव्हर्नर आणि आता पक्षाचे उमेदवार ठरलेले रोमनी यांच्याच सहीने झालेला होता. मिशेल बाकमन, रिक पेरी, हर्मन केन, न्यूट गिंगरिच, रिक सँटोरम असे एकामागून एक पर्याय मतदारांनी आजमावून पाहिले. आयोवात रोमनी ८ मतांनी पुढे असल्याचे आधी जाहीर झाले, मग सँटोरम ३४ मतांनी पुढे निघाले. जानेवारीत टेक्सासमधल्या एका रँचवर जमलेल्या ख्रिस्ती धार्मिक नेत्यांनी सँटोरम यांच्यामागे उभे राहायचे ठरवले, पण त्यानंतर आठवडाभरात दक्षिण कॅरोलिना गिंगरिच यांनी जिंकले. पक्षाच्या वरिष्ठांनी रोमनी आमच्यावर लादले, असे आजही कळकळीने सांगणारे लोक मला भेटतात. त्यांची कळकळ मला समजते, पण रोमनी यांना कोणत्याही बंद खोलीने निवडलेले नव्हते. विरोधातली मते दोन-तीन ठिकाणी वाटली गेली आणि एकाच नावावर टिकून राहिलेला गट पुढे गेला.

या मोजणीकडे परंपरावाद्यांनी जितके लक्ष द्यायला हवे तितके दिले नाही. २००८ मध्ये फ्लोरिडात मॅकेन यांना ३६ टक्के मते पडली आणि राज्याचे सगळे प्रतिनिधी मिळाले. २०१६ मध्ये दक्षिण कॅरोलिनात डोनाल्ड ट्रम्प यांना ३२.५ टक्के मते पडली. मार्को रुबियो आणि टेड क्रूझ यांची बेरीज त्याहून कितीतरी जास्त होती, तरीही ५० पैकी ५० प्रतिनिधी ट्रम्प यांच्या पदरात पडले. त्या वर्षी सुरुवातीला सतरा प्रमुख उमेदवार होते. ‘नॅशनल रिव्ह्यू’ या परंपरावाद्यांच्या जुन्या नियतकालिकाने जानेवारीत ट्रम्प यांच्याविरुद्ध संपूर्ण अंक काढला, पण ट्रम्प नकोत तर कोण, याचे एकच उत्तर त्या मंडळींकडे नव्हते. दुसरा प्रश्न वेळापत्रकाचा आहे. क्रूझ आणि जॉन केसिक यांनी मे महिन्याच्या सुरुवातीलाच माघार घेतली. न्यू जर्सीची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडण्याचे मतदान, ७ जूनला होती. माझ्या हातात मतपत्रिका आली तेव्हा निवडण्यासारखे काहीच उरलेले नव्हते. ‘लोकच निवडतात’ हे म्हणणे मला अर्धेच खरे वाटते ते यामुळे: सुरुवातीलाच मतदान होणाऱ्या आयोवा, न्यू हॅम्पशायर आणि दक्षिण कॅरोलिना इथले लोक निवडतात, आणि उरलेल्यांपैकी पुष्कळांना ती निवड मान्य करायची असते.

जुलैमध्ये क्लीव्हलँडच्या अधिवेशनात क्रूझ यांनी व्यासपीठावरून, ट्रम्प यांना पाठिंबा न देता, सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्या असे आवाहन केले आणि सभागृहाने त्यांचा निषेध केला. ते ऐकताना माझ्या पिढीच्या मराठी माणसाला १९६९ आठवणे अपरिहार्य होते. काँग्रेसच्या संसदीय मंडळाने बंगळूरमध्ये राष्ट्रपतिपदासाठी नीलम संजीव रेड्डी यांचे नाव बहुमताने ठरवले, आणि त्या बहुमतात स. का. पाटील यांच्याबरोबर यशवंतराव चव्हाणही होते. इंदिरा गांधींना ती निवड मान्य नव्हती. त्यांनी आमदार-खासदारांना अंतरात्म्याचा आवाज ऐकायला सांगितले, वराहगिरी व्यंकट गिरी अपक्ष म्हणून निवडून आले आणि काही महिन्यांतच पक्ष दुभंगला. यशवंतराव तेव्हा इंदिराजींच्या बाजूला राहिले. क्रूझ यांच्या आवाहनाने पक्ष फुटला नाही, कारण इंदिराजींच्या हाती सत्ता होती आणि क्रूझ यांच्या हाती एका रात्रीचे भाषण होते. पण त्या जुन्या निवडणुकीतली एक गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. आपल्या राष्ट्रपतींची निवड पसंतीक्रमाच्या मतांनी होते. १९६९ मध्ये पहिल्या पसंतीच्या मतांवर कोणालाच निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, म्हणून मागे पडलेल्या उमेदवारांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली गेली आणि गिरी जिंकले. पहिला उमेदवार बाद झाला तरी त्याला मत देणाऱ्याचे मत वाया जात नाही, ही सोय आपल्या राज्यघटनेने सर्वोच्च पदासाठी करून ठेवली आहे.

रिपब्लिकन पक्षाने ही पद्धत कधी वापरलीच नाही असे नाही. व्हर्जिनियातल्या पक्षाने २०२१ साली गव्हर्नरपदाचा उमेदवार पसंतीक्रमाच्या मतदानाने निवडला. अनेक इच्छुकांमधून सहाव्या फेरीत ग्लेन यंगकिन यांचे नाव ठरले, हरलेल्यांचे पाठीराखे त्यांच्यामागे उभे राहिले, आणि त्या नोव्हेंबरमध्ये ते निवडून आले. असे असूनही पुढच्याच वर्षी फ्लोरिडा आणि टेनेसी या रिपब्लिकन सत्तेखालच्या राज्यांनी या पद्धतीवर कायद्यानेच बंदी घातली. मला हा निर्णय समजत नाही, आणि परंपरावाद्यांच्या दृष्टीने तो हानिकारक आहे असे मी स्पष्ट म्हणते. पसंतीक्रम असता तर २०१६ मध्ये ट्रम्प हरले असते, असा माझा दावा नाही. कदाचित क्रूझ यांच्या पुष्कळ मतदारांची दुसरी पसंती तेच ठरले असते. पण मग निम्म्याहून अधिक मतदारांना चालणारा उमेदवार म्हणून ते पुढे आले असते, आणि गेल्या कित्येक वर्षांतला हा पक्ष नक्की कोणाचा, हा वाद इतका विषारी झाला नसता.

या नाराजीने काहीच साधले नाही, असे म्हणणेही न्यायाचे होणार नाही. मॅकेन यांनी उपाध्यक्षपदासाठी सारा पेलिन यांना निवडले आणि रोमनी यांनी पॉल रायन यांना, ते नाराज परंपरावाद्यांना सोबत ठेवण्यासाठीच. २०१६ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती स्कालिया यांचे निधन होऊन एक जागा रिकामी झाली होती. मे महिन्यात ट्रम्प यांनी सर्वोच्च न्यायालयासाठी ११ नावांची यादी जाहीर केली आणि असंख्य साशंक मतदार त्या यादीवर विश्वास ठेवून परतले. त्यांच्या कारकिर्दीत तीन न्यायमूर्ती नेमले गेले आणि २०२२ मध्ये गर्भपाताचा हक्क मान्य करणारा १९७३ चा निकाल न्यायालयाने रद्द केला. म्हणजे धार्मिक परंपरावाद्यांनी आपल्या पाठिंब्याची किंमत उघडपणे सांगितली आणि वसूलही केली. काटकसरीच्या राजकारणासाठी पक्षात आलेल्या माझ्यासारख्यांनी तशी कोणतीही लेखी अट घातली नाही. जानेवारी २०१७ मध्ये सुमारे २० लाख कोटी डॉलर असलेले केंद्रीय कर्ज चार वर्षांत २७ लाख कोटींच्या पुढे गेले. त्यातला मोठा वाटा महासाथीचा होता, पण वाढ त्यापूर्वीच सुरू झाली होती, आणि तिच्याविरुद्ध पक्षात फारसा आवाज उठला नाही.

महाराष्ट्रातल्या नाराजीकडे मी या अनुभवातून पाहते. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत भारतीय जनता पक्षाने एकनाथ खडसे, विनोद तावडे, प्रकाश मेहता आणि चंद्रशेखर बावनकुळे यांना उमेदवारी नाकारली, आणि त्याच निवडणुकीत इतर पक्षांतून आलेल्या अनेकांना ती मिळाली. कोणत्या धोरणासाठी कोणाला वगळले, याची जाहीर चर्चा मतदारापुढे झाली नाही. होण्याची सोयही नव्हती. आपल्या पक्षांमध्ये सदस्यांच्या नोंदी लाखांनी आणि कोटींनी होतात, पण उमेदवार ठरवताना त्या सदस्याला मत नसते. त्यामुळे नाराज कार्यकर्त्यापुढे गप्प बसणे, अपक्ष अर्ज भरणे किंवा दुसऱ्या पक्षात जाणे एवढेच मार्ग उरतात, आणि त्याची तक्रारही आपोआप ‘माझ्यावर अन्याय झाला’ इथे येऊन थांबते. मॅकेन यांच्यावर चिडलेला परंपरावादी करकपात, निवडणूक निधी, स्थलांतर अशी कारणे मोजून दाखवत होता, कारण त्याच्या रागाला पुढच्या प्रायमरीत मताची जागा होती. मुंबई-दिल्लीत बंद दाराआड ठरणाऱ्या यादीशी मुद्द्यांवर वाद घालता येत नाही. निष्ठावंतांच्या नाराजीविषयी मला मनापासून सहानुभूती आहे, पण तिकिटाऐवजी त्यांनी मताचा हक्क मागावा, असे मला फोनवर प्रत्येक वेळी सांगावेसे वाटते. अमेरिकेची सबंध प्रायमरी उचलून नेण्याची गरज नाही. तिच्यात पैसा आणि दूरचित्रवाणी यांचा जो वरचष्मा आहे तो आपल्याला परवडणारा नाही. एखाद्या पक्षाने एका जिल्ह्यात आपल्या जुन्या सदस्यांचे पसंतीक्रमाने गुप्त मतदान घेऊन पाहिले, तरी ती मोठी गोष्ट होईल.

येथे २०२८ मध्ये रिपब्लिकन उमेदवारीसाठी खुली स्पर्धा होईल, कारण बाविसाव्या घटनादुरुस्तीमुळे ट्रम्प यांना पुन्हा निवडून येता येणार नाही. इच्छुकांची गर्दी होणार आणि परंपरावाद्यांची मते पुन्हा चार दिशांना जाणार, हे आजच दिसते आहे. न्यू जर्सीने २००८ मध्ये अध्यक्षीय प्रायमरी फेब्रुवारीत घेतली होती, नंतर ती पुन्हा जूनमध्ये नेली. ती मार्चपर्यंत अलीकडे आणावी आणि मतपत्रिकेवर किमान तीन पसंती नोंदवण्याची मुभा द्यावी, ही मागणी आमच्या काउंटीच्या पक्ष समितीपुढे आणि आमच्या मतदारसंघाच्या आमदारांपुढे मी मांडणार आहे. समितीत या पद्धतीला विरोध करणारे बरेच आहेत, आणि त्यांच्यापुढे व्हर्जिनियाच्या यंगकिन यांच्याबरोबरच १९६९ च्या गिरींचेही उदाहरण ठेवायचे मी ठरवले आहे.