पाकळ्या घाला म्हणणारे शंभर, काढून देणारा एक नाही

सायफन परत तुंबला. बरोब्बर मधोमध, घरी केलेली सेझॉन (बेल्जियन बिअरचा एक प्रकार) बाटल्यांत भरण्यासाठी बादलीत काढताना. खाली बादलीत निम्मी बिअर, वर फर्मेंटरात, म्हणजे आंबवायच्या भांड्यात, निम्मी, आणि नळीच्या तोंडाशी जर्दाळूचा लगदा, त्यात रुतलेली गुलाबाची पाकळी, पाकळीला चिकटलेला कॅमोमाइलचा पिवळा भुगा. हो, भुगाच. फुलं पिशवीत घातली होती. ‘बारीक जाळीची’ म्हणून विकलेली पिशवी! विकणाऱ्याने सुकं कॅमोमाइल जन्मात कधी चिमटीत धरलेलं नसणार. चार दिवस भिजलं की ते फूल राहतच नाही, त्याची कणी होते आणि कणी कुठूनही निसटते.

बरं, नुसतं तुंबणं असतं तर शिव्या घालून पुढे गेले असते. पण बाटलीत वायू धरावा म्हणून घालायचा साखरेचा पाक बादलीत आधीच ओतलेला. २० लिटरच्या हिशेबाने १७० ग्रॅम, कारण सेझॉन फसफसायलाच हवी, ३ व्हॉल्यूमच्या (बिअरच्या तिप्पट आकारमानाचा वायू) खाली ती बिचारी वाटते. आता त्या पाकावर आली बारा लिटर बिअर. तेवढीच भरून झाकणं ठोकली तर लिटरला १४ ग्रॅम साखर, म्हणजे साडेचार व्हॉल्यूमच्या घरात, आणि तेही साध्या बाटल्यांत. बाटल्या फुटून काचा कपाटभर. म्हणजे थांबायची सोय नाही. वरची बिअर खाली यायलाच हवी, आणि ती येत नाही.

नळी काढली, धुतली, सॅनिटायझरमध्ये बुचकळली, परत लावली. दट्ट्या ओढला. गुळगुळ. तो आवाज ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो, कारण नळीत शिरलेली हवा म्हणजे पुढे ओल्या पुठ्ठ्याची चव. दोन पेले आले आणि परत बंद. टोकाला उकळलेलं कापड बांधलं, त्यावर लगद्याने क्षणात असा लेप धरला की थेंब गळेना. जोरात ओढावं तर तळ उसळतो. शेवटी नळी लगद्याच्या चार बोटं वर अधांतरी धरून उभी राहिले, खांदा भरून येईपर्यंत. तळातला अडीच लिटर गाळ-बिअर काला मोरीत ओतला आणि जाड काचेच्या जेवढ्या बाटल्या होत्या तेवढ्या हुडकून काढल्या. ओतताना मोरीला काय सुंदर वास आला म्हणून सांगू! जर्दाळू, गुलाब, सगळं अगदी स्पष्ट. पेल्यात कधी येत नाही एवढं.

रेसिपी लिहिणाऱ्यांना माझ्यासमोर आणा. कडवटपणा देणारे हॉप्स ग्रॅमवर, त्यांतलं अल्फा ॲसिड दशांश चिन्हापर्यंत, पाण्यातल्या क्षारांचा वेगळा तक्ता, आणि फुलांची पाळी आली की ‘मूठभर सुक्या पाकळ्या’. कोणाची मूठ? पैलवानाची की बाळाची? लॅव्हेंडरच्या बाबतीत हेच झालं होतं. तिथे तर ‘चवीनुसार’ लिहिलं होतं. माझ्या चवीनुसार अख्खी बॅच अंगाला लावायच्या लायकीची झाली. पाहुणे घोट घेऊन ‘वेगळीच आहे’ म्हणाले. ‘वेगळीच’ म्हणणाऱ्या माणसाने पेला खाली ठेवला की परत उचलला नाही, हे मला दिसतं.

आणि ते फळ उकळायला सांगणारे! उकळलं की पेक्टिन सुटतं आणि बिअर कायमची गढूळ, हे त्यांना कोणी सांगायचं? फळ गोठवा, वितळवा, पेशी आपसूक फुटतात, रस सुटतो. एवढं साधं. पण नाही, जंतू मरतील म्हणून उकळा. म्हणजे जंतूही गेले आणि ताज्या फळाचा वासही गेला.

यीस्टचं तर नावच काढू नका. त्या बेल्जियन जातीचे नखरे आपण सगळ्यांनी सोसलेत. घनता (साखर संपते तशी ती उतरते) १.०३५ ला आली की रुसून बसायचं, ३० अंशांच्या वर ऊब दिली की मग मर्जी झाली तर हलायचं. वैतागून फ्रेंच जात घ्यावी तर ती कशाला थांबत नाही, इतर यीस्ट सोडून देतात ते डेक्स्ट्रिनसुद्धा फोडून खाते, १.००२ पर्यंत कोरडीठाक. वर नळीत, बुडात कुठेतरी लपून राहिली तर पुढच्या स्टाउटलाही (काळ्या बिअरलाही) खाऊन टाकते. त्या धास्तीपायी मी नळ्या वेगळ्या ठेवल्यात, त्यांवर लाल चिकटपट्टी लावलीय, आणि घरातल्या कोणी त्यांना हात लावला तर माझा आवाज चढतो. चढणारच.

गंमत अशी की फुलाफळांची या बिअरला गरजच नाही. यीस्ट स्वतःच मिरी देतं, संत्र्याची साल देतं. वालोनियात तूर्पच्या द्युपोंत ब्रुअरीची सेझॉन घ्या, जगभरचे लोक तीच समोर ठेवून ही बिअर करायला शिकतात. तिच्यात ना जर्दाळू ना गुलाब. आणि मी इथे पाकळ्या निवडत बसलेय, देठं खुडून, जणू पूजा मांडायचीय. फ्रीजरमध्ये रास्पबेरीच्या दोन पिशव्या पडल्यात. त्यांचं काय करणार हे कृपया विचारू नका. बियांसकट आहेत.

आणि ‘कोल्ड क्रॅश कर’, म्हणजे गाळ बसायला बिअर फ्रीजमध्ये थंडगार कर, हा सल्ला घेऊन तर कोणीच येऊ नका. केला होता. लगदा तळाशी छान दबून बसला होता. फर्मेंटर फ्रीजमधून उचलून टेबलावर ठेवेपर्यंत अर्धा परत वर. ज्यांचा फ्रीज टेबलाच्या उंचीवर आहे त्यांनी खुशाल बोलावं.