मरायचंय तर मर एकदाची, रोज कळवत बसू नकोस

आज सकाळी पुन्हा. लाइट बिलाची शेवटची तारीख म्हणून कॉम्प्युटर लावला, तर काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांत तेच. स्मार्ट स्टेटस बॅड, म्हणजे हार्ड डिस्कने स्वतःच स्वतःची तब्येत तपासली आणि मरायला टेकलेय म्हणून कळवलं. बॅकअप घ्या, डिस्क बदला. पुढे जायचं तर एफ-वन दाबा. दाबला. न दाबून जातो कुठे? तिथे "बरं, कळलं, आता गप्प बस" असं बटण कुणी दिलंय का?

विंडोज उघडते न उघडते तोच कोपऱ्यातून हीपण तेच सांगायला हजर. अगं बाई, आत्ताच वर तुझा भाऊ सांगून गेला!

बरं, मरणार आहे म्हणता ना, मग कधी ते सांगा. आज, दिवाळीत, की पुढच्या मार्चला? ते नाही सांगणार. म्हणून क्रिस्टलडिस्कइन्फो टाकलं, डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर. तिथे पिवळं "कॉशन" आणि पेंडिंग सेक्टर, म्हणजे डिस्कचे वाचता न येणारे तुकडे, त्यांच्यासमोर शून्यांची माळ आणि शेवटी बी८. बी८?! हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत आकडा दाखवतात हो, घरात बसलेल्या माणसाला! बी८ म्हणजे १८४. बरं, १८४. मग घाबरू की नको? आणि गूगलवाल्यांनी २००७ मध्ये स्वतःच्या लाखावर डिस्कांचा हिशेब मांडला, त्यात मेलेल्यांपैकी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्कांनी तापमान सोडलं तर स्मार्टमध्ये अवाक्षर काढलं नव्हतं. म्हणजे त्या गुपचूप गेल्या. माझ्याच नशिबी ही बडबडी.

दुकानदाराला फोन केला. "सर, एसएसडी टाका, मशीन पळेल." एसएसडी म्हणजे फिरत्या चकतीऐवजी चिपवाली डिस्क. याला काहीही सांगा. स्पीकर वाजत नाही? एसएसडी टाका. मागच्या वेळी प्रिंटर घेऊन गेलो तर "फॉरमॅट मारून बघू" म्हणाला होता. भाचा त्याच्यावर कडी, "मामा, सगळं क्लाउडवर टाका ना." अरे, टाकतो, आमच्या सोसायटीत नेट टिकतं तेवढ्या वेळात तुझ्या मुंजीचे फोटोसुद्धा चढायचे नाहीत. कंपनीच्या कस्टमर केअरची मुलगी तर फारच गोड. वॉरंटी आहे सर, डिस्क पाठवून द्या, बदलून मिळेल. आणि आतला डेटा? "डेटा वॉरंटीत येत नाही सर." मग मी काय रिकाम्या पत्र्यासाठी रडतोय का?

शेवटी बाहेरची डिस्क लावून कॉपीला बसलो. अकरा मिनिटं बाकी. मग चार तास बाकी. मग दोन मिनिटं. मग एका फाइलवर येऊन गाडी जी रुतली ती रुतलीच. वेग शून्य, आतून कट्‌ कट्‌ कट्‌. खराब सेक्टर वाचायला ती पुन्हा पुन्हा धडका मारणार आणि मी तिच्याकडे बघत बसणार. आणि ती फाइल कुठली? गणपतीच्या आरतीचा व्हिडिओ, ज्यात अर्धा वेळ कुणाचा तरी अंगठाच दिसतो.

मग म्हटलं, बघू तरी काय वाचवतोय. "नवीन फोल्डर". "नवीन फोल्डर २". "डेस्कटॉप जुना". "डेस्कटॉप जुना फायनल". गुलाबावर दवबिंदू असलेली शुभ सकाळ, शेकड्यांनी. आणि जिथे आता मॉल उभा आहे त्या कारखान्यातल्या नोकरीसाठीचा माझा बायोडेटा. एवढ्या ऐवजासाठी मी बीपीची गोळी अर्धा तास आधी घेतली. बायको म्हणाली, जाऊ दे ना ते सगळं. नाही जाऊ देणार! तो अंगठासुद्धा माझा आहे, जाऊ देणार नाही.

नवी डिस्क मागवली आहे. खोक्यावर एक टीबी लिहिलेलं असेल, आत दिसणार ९३१ जीबी. कारण माहीत आहे मला, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने, शिकवायला येऊ नका. पण वाण्याने किलोच्या भावात ९३१ ग्रॅम साखर दिली असती तर वैधमापनवाल्यांकडे तक्रार गेली असती माझी. इथे पैसे आधी भरलेत.

लाइट बिल राहिलंच.