आकडा

परदेशातल्या सहलीचा शेवटचा दिवस सहलीत धरू नये, असं माझं मत आहे. तो बिऱ्हाड हलवण्याचा दिवस असतो. फरक एवढाच, की बिऱ्हाड हलवायला टेम्पो येतो आणि इथे बाबा असतात.

त्यातून गाव हॉलंडमधलं डेल्फ्ट असेल आणि उतरलेलं घर कालव्याकाठचं, जुनं, तिसऱ्या मजल्यावरचं असेल, तर विचारूच नका. तीन दिवस ज्या घराचे फोटो 'किती गोड आहे ना' म्हणून नातेवाइकांच्या ग्रुपवर गेले, ते चौथ्या दिवशी सकाळी आपलं खरं रूप दाखवतं. खरं रूप म्हणजे जिना. ही घरं समोरून चिंचोळी आणि आत लांबच लांब. मग जागा वाचवायची म्हणून जिना शिडीसारखा उभा. पायरीवर पाऊल अर्धंच मावतं, उरलेलं हवेत. आलो त्या दिवशी हे जाणवत नाही, कारण तेव्हा अंगात उत्साह असतो आणि बॅगेत निम्मी जागा भाकरवडीची असते.

खाली उभं राहून मान वर केली, की घराच्या कपाळावर एक तुळई बाहेर आलेली दिसते आणि तिच्या टोकाला लोखंडी आकडा. या जिन्यावरून कपाट जाणार नाही, हे डच माणसाला शेकडो वर्षांपूर्वीच कळलं होतं. दोर, कप्पी आणि आकडा. माल थेट खिडकीतून आत. जुन्या घरांच्या दर्शनी भिंती रस्त्याकडे किंचित झुकलेल्या असतात, त्यातही हा हिशोब आहे: वर चढणारा माल भिंतीला घासू नये. इतकी सगळी सोय केली आणि ती आपल्यासाठी नाही. घरमालकाच्या सूचनापत्रात आकड्याचा उल्लेख नसतो. उल्लेख असतो तो दहा वाजता किल्ली ठेवून निघण्याचा. विमान रात्रीचं आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

दुसरा आकडा तेवीसचा. माणशी तेवीस किलो. हे वजन वरच, जिना उतरण्याआधी करायचं असतं. खाली आणून वजन केलं आणि दोन किलो जास्त निघाले, तर ते दोन किलो पुन्हा वर नेणार कोण, या प्रश्नावर सुशिक्षित घरं फुटतात. हातातला डिजिटल काटा असेल तर त्याचा पट्टा बॅगेच्या वरच्या पक्क्या मुठीतून घालायचा, बॅग जमिनीपासून चार बोटं उचलायची आणि झुलू द्यायची नाही. आकडा लुकलुकायचा थांबला की तोच खरा. आपल्याकडे बॅग झुलत असताना दिसलेला सगळ्यात लहान आकडा खरा मानायची पद्धत आहे. काटा नसेल तर न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर आधी एकट्याने आणि मग बॅग घेऊन उभं राहायचं आणि वजाबाकी करायची. गणित सोपं आहे, पण त्यातली वजा करायची संख्या सगळ्यांसमोर मोठ्याने सांगावी लागते. सहलीतला पहिला खरा अबोला इथून सुरू होतो. आणि तेविसाला थांबू नका, बाविसाला थांबा. आपला काटा आणि विमानतळावरचा काटा यांचं एकमत कधी झालेलं नाही.

याच गावात, आउडे डेल्फ्ट नावाच्या कालव्यावर, डच ईस्ट इंडिया कंपनीची जुनी इमारत उभी आहे. कंपनीच्या सहा शाखांपैकी एक डेल्फ्टची. याच कंपनीची वखार आपल्या वेंगुर्ल्यात होती. त्या लोकांनी गलबतं भरभरून अर्ध्या जगाचा माल हलवला आणि आपल्याला स्ट्रोपवाफलची, म्हणजे पाक भरलेल्या पातळ वाफल्यांची, आठ पाकिटं जड होतात! होतात खरी: दहा वाफल्यांचं एक पाकीट चारशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे आठ पाकिटांचे सव्वातीन किलो. ती बॅगेत तळाशी घालू नका. चुरा झाला की भेट म्हणून देता येत नाही आणि मग घरच्यांना खावी लागतात. जुनं, कडक गौडा चीज मात्र बॅगेच्या पोटात कितीही दाबा, त्याला काही होत नाही. हातातल्या बॅगेत कडक चीज चालतं. पसरण्याजोगं मऊ चीज सुरक्षा तपासणीत द्रवात धरतात आणि शंभर मिलिलिटरच्या नियमात अडकवतात.

एक भेट मी कळकळीने टाळायला सांगेन. 'ड्रॉप' नावाच्या काळ्या गोळ्या. जेष्ठमधाच्या असतात म्हणून आई खूश होते, घशाला बरं म्हणते. पाकिटावर दुप्पट खारट असं डचमध्ये लिहिलेलं असतं, ते कोणी वाचत नाही. त्या खारटपणाचं मूळ नवसागर. कल्हईवाला भांडं तापवून आत फिरवतो, तोच. ऑफिसात वाटल्या तर पुढच्या सहलीहून काही आणायची अपेक्षा उरत नाही, एवढाच फायदा. ट्युलिपचे कंदही घेऊ नका. भारतात न्यायचे तर वनस्पती-आरोग्याचा दाखला आणि आयातीचा परवाना लागतो. तो मिळवला तरी कंदाला आधी काही आठवडे फ्रिजमध्ये थंडी द्यावी लागते. कोथिंबिरीलाच जागा नसते, तिथे ट्युलिप! लाकडी ट्युलिप घ्या. पाणी मागत नाहीत.

खरी काळजी निळ्या बशीची. डेल्फ्टला येऊन डेल्फ्ट ब्लू, म्हणजे इथली निळ्या नक्षीची भांडी, न घेता जाणं म्हणजे पैठणला जाऊन साडी न बघता येण्यासारखं. बशी हातात घेऊन एका रेघेकडे बघा. हाताने काढलेली असेल तर एकाच रेघेत कुंचला कुठे दाबला, कुठे उचलला ते निळ्याच्या गडद-फिक्या छटांत दिसतं. छापील असेल तर रंग सपाट आणि डोळा जवळ नेला की बारीक ठिपके. बशी उलटी केली की तळाला रंगवणाऱ्याची खूणही सापडते. गंमत म्हणजे रंगवताना हा रंग काळा असतो. त्यातलं कोबाल्ट भट्टीत गेलं की निळं होतं. बशी मोज्यांत गुंडाळून बॅगेच्या मधोमध, उभी ठेवायची. आडवी ठेवली की वरचं सगळं वजन तिच्या पोटावर येतं. एका दुकानात एका दिवशी पन्नास युरोंच्या वर खरेदी झाली असेल, तर युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्यांना व्हॅटचा परतावा मिळतो. त्यासाठी दुकानातून फॉर्म घ्यायचा आणि विमानतळावर कस्टम्सकडे आधी जायचं, बॅग पट्ट्यावर नंतर सोडायची. लोक उलट करतात. कस्टम्सवाला म्हणतो, बशी दाखवा. बशी तोवर मोज्यांसह विमानाच्या पोटात गेलेली असते.

आता कचरा. स्वयंपाकघरातल्या कागदावर पाच प्रकार लिहिलेले असतात: ओला, कागद, काच, प्लास्टिक-डबे-दुधाची खोकी यांचा एक, आणि उरलेला. चहाचा चोथा आणि केळ्याची सालं ओल्यात. पिझ्झ्याचं खोकं कागदाचं खरं, पण तेल लागलं की ते कागद राहत नाही, 'उरलेलं' होतं. मेतकूट कशात, हे कागदावर नाही. ते परत घरी जातं.

रिकाम्या बाटल्या-डबे मात्र फेकायचे नाहीत, त्यांची अनामत असते: डबा किंवा लहान बाटली पंधरा सेंट, मोठी प्लास्टिकची बाटली पंचवीस. सुपरमार्केटच्या दाराशी भिंतीत गोल भोक असलेलं यंत्र असतं. बाटली तळाकडून आत सरकवायची. बारकोड वाचता आला पाहिजे, म्हणून लेबल फाडलेलं किंवा डबा चेपलेला चालत नाही. जागा वाचवायला बाबांनी रात्री सगळे डबे पायाने चपटे केलेले असतात. यंत्र ते एकेक करून परत देतं. शेवटी दोन बटणं: एकाने पावती येते, ती काउंटरवर दाखवून पैसे घ्यायचे. दुसऱ्याने सगळी रक्कम दानात जाते. घाईत बोट हमखास दुसऱ्यावर पडतं आणि आपण दोन युरो दहा सेंटांचे दानशूर होतो.

मग जिना. एका वेळी एकच बॅग, जिन्यावर दुसरं कोणी नाही. ज्याच्या अंगात जोर आहे त्याने खाली, चाकांकडे. वरच्याने मूठ धरायची आणि 'सोडू का?' हा प्रश्न चुकूनही विचारायचा नाही. खालच्याला फक्त 'सोडू' ऐकू येतं. आजींनी जिन्याकडे तोंड करून, शिडी उतरावी तसं, दोरीचा कठडा धरून उतरायचं. वडावर चढलेल्या मुली त्यांच्या पिढीच्या, त्याच सगळ्यांत सफाईने उतरतात.

खाली आल्यावर रस्ता विटांचा. विटा वाळूवर बसवलेल्या, त्यामुळे कुठे खचलेल्या, कुठे वर आलेल्या. चार बारीक चाकांची बॅग इथे हात टेकते. तिला तिरकी करून दोन चाकांवर ओढायची. गुळगुळीत तांबडा पट्टा दिसला म्हणून तिकडे वळू नका, तो सायकलींचा. कालव्याला बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, म्हणून मूल नेहमी घरांच्या बाजूला. आउडे केर्कचा, म्हणजे जुन्या चर्चचा, मनोरा सुमारे दोन मीटर कललेला आहे. आपण स्वतः बॅगेमुळे कललेले असल्याने तो सरळ दिसतो.

रात्रीपर्यंत बॅगा ठेवायच्या कुठे? लॉकर प्रत्येक स्टेशनात नसतात आणि असले तरी मोठी बॅग मावेलच असं नाही. घरमालकाला आदल्या रात्री विचारून बॅगा दुपारपर्यंत तळमजल्यावर ठेवता आल्या तर बघा. तशा ठेवल्या, की मोकळ्या हातांनी मुलांना नीवे केर्कच्या, म्हणजे नव्या चर्चच्या, मनोऱ्यावर चढायचं असतं. ३७६ पायऱ्या, गोल जिना. सकाळच्या जिन्यानंतर हा हट्ट कोणाच्या खांद्यावर बसून पुरा होतो, ते सांगायला नको. गुरुवार असेल तर खाली चौकात बाजार भरतो. मासे खाणाऱ्यांना तळलेलं किबलिंग. शाकाहाऱ्यांनी क्रोकेट दिसायला बटाट्याचा म्हणून उचलू नये, आत बहुधा गोमांस असतं. फ्रेंच फ्राइज आहेतच, चौथ्या दिवशीही. सोमवारी सकाळी मात्र बरीच दुकानं बंद असतात. 'त्या चित्रकाराची चित्रं राहिली बघायची,' असं कोणाला तरी इथे आठवतं. व्हर्मीर इथे जन्मला, इथेच १६७५ मध्ये गेला, आउडे केर्कमध्ये पुरलेला आहे, आणि त्याचं एकही मूळ चित्र डेल्फ्टमध्ये नाही. नावाजलेली दोन हेगला, माउरित्सहाउस संग्रहालयात. नको तेव्हा कळतं, ते असं.

स्टेशनात शिरताना तिकिटाऐवजी बँकेचं कार्ड यंत्राला टेकवायचं, ज्याचं त्याने, आणि उतरल्यावर तेच टेकवायचं. एकाच बँकेचं असलं तरी प्लास्टिकचं कार्ड आणि फोनमधलं कार्ड यंत्राला दोन वेगळी वाटतात. आत फोन आणि बाहेर कार्ड केलं की एक प्रवास संपत नाही आणि दुसरा सुरू होतो, आणि रेल्वे वीस युरोपर्यंत कापते. चार ते अकरा वर्षांच्या मुलांचं रेलरनर तिकीट आधीच काढून ठेवावं, ते स्वस्त असतं. डबलडेकर गाडी आली तर दारातूनच जिना, एक वर, एक खाली. बॅगांसकट दाराजवळच थांबा. आणि काचेवर 'स्टिल्टे' लिहिलेल्या डब्यात शिरू नका. तो गप्प बसण्याचा डबा आहे.

स्टेशनच्या हॉलमध्ये मान वर करा. छतभर १८७७ सालच्या डेल्फ्टचा निळा नकाशा आहे. चार दिवस ज्या गल्ल्यांत चुकलो त्या सगळ्या तिथे स्पष्ट, कालव्यांसकट. जाताना दिसतात.

फलाट जमिनीखाली आहेत. २०१५ पासून इथली रेल्वे बोगद्यातून जाते. व्हर्मीरने नदीपल्याड उभं राहून या गावाचा देखावा रंगवला. आपल्याला निघताना खिडकीतून दिसते ती काँक्रीटची भिंत. 'अगं, शेवटचा एक फोटो काढ ना,' बाबा म्हणतात. तेवढ्यात समोरची बाई ओठावर बोट ठेवून काचेवरच्या अक्षरांकडे दाखवते.