पाचला उठायचं, पण कुणासाठी?

पाचला उठा, ध्यान करा, डायरी लिहा असले रील्स दिसले की मला एकच प्रश्न पडतो, ह्या माणसाच्या घरी डबे कोण करतं ओ?

आमच्या साताऱ्यात पहाटे अजिंक्यताऱ्यावर जाऊन बघा, निम्मं गाव चढत असतं. चांगलंच आहे. पण उतरल्यावर गडी माणसं चहा पीत राजकारण करत बसतात आणि बायका भराभर घराकडं सुटतात, कारण पोरांची रिक्षा यायची असते.

मी लग्न झाल्यापासनं साडेपाचलाच उठते. पाणी भरायचं, डबे, सासऱ्यांचा बिनसाखरेचा चहा. त्याला कधी कुणी मॉर्निंग रूटीन म्हटलं नाही. मग मनात आलं सातारा हिल हाफ मॅरेथॉनचं. 2012 पासनं आपल्याच गावात होतेय, आपण काय रस्त्याकडंला उभं राहून टाळ्याच वाजवायच्या का? 21 किलोमीटर, तेबी यवतेश्वरचा घाट चढून. हे काय उरल्यासुरल्या वेळात होणारं काम नव्हं. म्हणून घरात सगळ्यांसमोर सांगून टाकलं, सहा ते सात मी नाही. भाजी रात्री चिरलेली, कणीक मळून फ्रीजमध्ये, चपात्या ह्यांच्याकडं. पहिले काही दिवस डब्यात एकेक देशाचे नकाशे गेले पण उपाशी कुणी राहिलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "एवढं कुणाच्या मागं लागून पळायचंय?" मी बूट घातले.

समर्थ मंदिराकडनं घाटाला लागलं की पहिल्या चढालाच पोटऱ्या बोलायला लागतात, तिथं पळायचं नाही, बारकी पावलं टाकत चालायचं, हे शिकायला वेळ गेला. फोन घरीच. शाळेच्या ग्रुपवर आधी डोकावलं की कुणाची वही, कुणाची फी, तास तिथंच संपला.

आणि झोपेचं म्हणाल तर मोठ्या माणसाला निदान सात तास लागतातच, त्यामुळं रात्रीची सिरीयल बंद केली. ह्यावरनं घरात जेवढी चर्चा झाली तेवढी चपात्यांवरनं झाली नव्हती.

मोटर लावायचं काम आता थोरल्याकडं आहे. परवा विसरला, टाकी कोरडी, सगळ्यांच्या आंघोळी शेजारच्या बादल्यांवर. हाक मारायला मी घरात नव्हते, घाटात होते.